तोंड उघडा, फोटो काढायचाय

मला राग विसरता येत नाही. माझ्या सासूला येतो. म्हणून तिच्या वाटणीचा रागही मीच सांभाळते, आणि लोणच्यासारखा सांभाळते, वर तेल राखून, उगाच हात न लावता. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचं वाचून कुणी म्हणेल, बाई सूडबुद्धीची दिसते. आहेच.

सासूला आमच्याकडं आत्या म्हणतात. माझी आत्या आराधी मेळ्यातली. कपाळभर मळवट, गळ्यात कवड्यांची माळ, हातात झांज, आणि नवरात्रात घरोघरी देवीची गाणी. पण पुढं बसून गाणारी ती कधीच नव्हती. पुढं बसायची तिची थोरली जाऊ. आत्या मागं बसून झील ओढायची, म्हणजे पुढचीनं ओळ सोडली की ती उचलून धरायची. उभा जन्म तिनं दुसरीच्या ओळी उचलल्या. जाऊ गेल्यावर मेळ्यातल्या बायका म्हणाल्या, आता तुम्हीच पुढं बसा. तेव्हा कळलं की आत्याच्या पोटात स्वतःचं एक गाणं होतं. भाकरी थापताना, शेळीला पाला टाकताना तिनं ते हळूहळू जुळवलं होतं आणि कुणाला ऐकवलं नव्हतं. मला एकदा ऐकवलं, तेही पाठ फिरवून.

उतरते तुझ्या पायऱ्या, माझा गुडघा बोलतो गं,
आई, तुला भेटता भेटता घरचा उंबरा बोलवतो गं.

तुळजापूरला गेलेल्या माणसाला हे सांगावं लागत नाही. बाकीच्या देवांकडं चढून जायचं, आमच्या आईकडं उतरून. दर्शन झालं की पुन्हा त्या सगळ्या पायऱ्या चढायच्या, आणि डोक्यात घरच्या दुधाची काळजी. मी शाळेत मराठी शिकवते. मला असल्या दोन ओळी सात जन्मांत सुचायच्या नाहीत.

आमच्या गावाची ग्रामपंचायत जाऊन नगरपंचायत झाली, तेव्हा गटारं होती तशीच राहिली, पण समित्या आल्या. त्यात एक महिला व बालकल्याण समिती. महिलांच्या सांस्कृतिक कार्यक्रमांना या समितीकडून अनुदान मिळायचं. सभापती बाई होत्या, आणि सभापती म्हणून वावरायचे त्यांचे यजमान. बाई सही करायच्या, हे भाषण करायचे. गाव यांनाच सभापतीसाहेब म्हणायचं आणि बाईंना वहिनी. मीही साहेबच म्हणायचे. आजही म्हणते, फक्त दात दाबून.

त्या नवरात्रात अष्टमीला देवीच्या देवळापुढं महिला मेळाव्याचा कार्यक्रम ठरला. अनुदान मंजूर झालं होतं, मांडव पडला होता, मागं मोठा फ्लेक्स होता. फ्लेक्सवर साहेबांचा फोटो देवीपेक्षा थोडासाच लहान होता. सूत्रसंचालन माझ्याकडं. माझा आवाज स्वच्छ आहे, आणि शिक्षकाला फुकट राबवायची आपल्याकडं पद्धत आहे. आमंत्रणावर छापलं होतं, ‘आराधी गीते’. आत्यानं ते मला मोठ्यानं वाचायला लावलं, मग पुन्हा वाचायला लावलं. सकाळपासून तिनं काही खाल्लं नाही. घसा जड होतो म्हणाली.

बायका उन्हं कलायच्या आधीच मळवट भरून बसल्या. पाहुणे आले ते दिवे लागल्यावर. मग दीपप्रज्वलन. मग सत्कार. व्यासपीठावर बसलेल्या प्रत्येकाचा सत्कार, त्यांना घेऊन आलेल्यांचा सत्कार, कुणाचं नाव राहिलं म्हणून त्याचा दोनदा सत्कार. शाली आणि नारळ माझ्यासमोरून नुसते वाहत होते, आणि नावं पुकारणारी मीच. मग साहेबांचं भाषण. नारीशक्ती, नारीशक्ती, नारीशक्ती. मागं खुर्चीवर वहिनी मान खाली घालून बसलेल्या. मग प्रमुख पाहुण्यांनी घड्याळ बघितलं, त्यांना पुढच्या मंडळात जायचं होतं. ते उठले की सगळं व्यासपीठ उठलं. माईकवाला वायर गुंडाळायला लागला.

मी म्हटलं, “साहेब, आराधी गीतं राहिली.”

“हां हां, तेवढं घ्या की उरकून,” साहेब म्हणाले आणि फोटोग्राफरला हाक मारली. “याचा फोटो पाहिजे बिलाला. फोटोशिवाय अनुदान सुटत न्हाय.”

बायकांना फ्लेक्सपुढं बसवलं. आत्या मधोमध. समोर माईकचा दांडा उभा केला, माईक नव्हताच वर. फोटोग्राफर वाकून म्हणाला, “मावशी, तोंड उघडा. गायल्यावानी वाटू द्या.”

आत्यानं झांज वर धरली. तिला वाटलं, हीच वेळ. हसून विचारलं, “म्हनू का मग?”

“म्हनू नका. फोटो हालतो.”

तिनं तोंड उघडलं आणि उघडंच ठेवलं. त्यानं कॅमेरा डोळ्याला लावला, काढला, एकीला सरकवलं, पुन्हा लावला. तोवर माझी सासू मळवट भरलेल्या कपाळानं, वाजू न दिलेली झांज हातात धरून, आवाजाशिवाय तोंड उघडून बसली होती. मी व्यासपीठाच्या कडेला उभी होते. त्या क्षणी मनात आलं ते नेमकं सांगते. हा माणूस कधीतरी माझ्या हातात सापडू दे, आई भवानी, एवढंच दे.

बायकांना चिवड्याच्या पुड्या देऊन घरी पाठवलं. वाटेत आत्या म्हणाली, “चालायचंच. पाव्हण्यांला उशीर झाला, ते तरी काय करत्याल.”

मीही एकवेळ गिळलं असतं. पण पुढच्या आठवड्यात तो फोटो नगरपंचायतीच्या दारातल्या फ्लेक्सवर लागला. वर ठळक अक्षरात, ‘आराधी गीतांना उत्स्फूर्त प्रतिसाद’. बाजाराला जाणाऱ्या बायका आत्याला थांबवून विचारायच्या, “काय म्हनलीस गं? आमी तर लवकर घरी गेलो बाई.” आणि संध्याकाळी माकणीहून तिच्या धाकट्या बहिणीचा फोन आला. बहिणीचं गुडघ्यामुळं हिंडणं बंद, पण तिच्या नातवानं मोबाइलवर तो फोटो दाखवला होता. मी कणीक मळत होते. आत्या फोनवर म्हणाली, “व्हय, गायले की. माझंच गाणं. समदं गाव ऐकत बसलं व्हतं.”

माझी आत्या खोटं बोलत नाही. हिशेबात नाही, देवापुढं नाही, सुनेशी भांडतानासुद्धा नाही. तिला खोटं बोलायला लावलं त्या माणसानं. मी कणकेत मूठ मारली. त्या दिवशी बरणी भरली.

वर्षभर मी दात धरून होते. काय काय योजलं नाही मी. माहितीच्या अधिकारात अर्ज टाकावा, वर्तमानपत्रात लिहावं, जिल्ह्याच्या ठिकाणी शाळेसाठी रोज जातेच तर कलेक्टर कचेरीत तक्रार द्यावी. धाराशिवच्या एसटीत खिडकीपाशी बसून मी तक्रारीची वाक्यं जुळवायचे. आमच्या ह्यांचं म्हणणं, गावात राहायचंय, सोड. मी सोडलं नाही, पण तक्रारही दिली नाही. तक्रारीनं फार तर चौकशी झाली असती. मला तो माणूस अवघडून उभा राहिलेला बघायचा होता, चारचौघांत, आणि हलता येऊ नये असा.

पुढच्या पावसाळ्यात आत्याच्या गळ्याशी गाठ दिसायला लागली. सोलापूरला दाखवलं. डॉक्टर म्हणाले, गाठ साधी आहे पण काढावी लागेल. आवाजाची नस तिथूनच जाते, आम्ही जपू, तरी आवाज बसू शकतो, कदाचित कायमचा. आत्यानं सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, “दसरा झाल्यावर केलं तर चालंल का?” डॉक्टरांना वाटलं, नवरात्राचे उपवास आहेत. मला कळलं, ती कुठल्या दिवसाबद्दल विचारते आहे. म्हणजे ती विसरली नव्हती. मला इतके दिवस वाटायचं की राग माझ्या एकटीच्याच पोटात आहे.

अष्टमी हा एकच दिवस उरला होता आणि तोही साहेबांच्या हातात. नगरपंचायतीच्या निवडणुका तोंडावर होत्या, त्यामुळं अनुदान मंजूर, मांडव मोठा. वहिनींचा वॉर्ड आता खुला झाला होता, यंदा साहेब स्वतः उभे राहणार होते. त्यांनी मला बोलावून घेतलं.

“मॅडम, यंदा दीपप्रज्वलन नको. आरती ठेवू. ताट माझ्या हातात. लोकांला तेच आवडतं. आरतीचा एक झकास फोटो घ्यायचा, मग सत्कार, मग माझे दोन शब्द.”

“आणि आराधी गीतं?”

“बायका हायतच की. मागच्या वर्षीवानी त्यांचा बी फोटो घेऊ.”

मी म्हटलं, “बरं साहेब.” आणि तिथून बाहेर पडताना मला हसू आवरेना. त्यांनी काय मागितलं होतं, ते त्यांना कळलं नव्हतं. शहरात गणपतीच्या फोटोपुढं आटपतात तशी एक आरती त्यांच्या डोळ्यांपुढं असणार. आमच्या देवळात अष्टमीची आरती एक नसते. गणपती झाला की देवी, देवी झाली की शंकर, मग विठोबा, मग दत्त, मग ज्याचं त्याचं कुलदैवत. कोण म्हणतंय त्यावर आहे. आणि पेटतं ताट शेवटची आरती संपेपर्यंत खाली टेकवत नाहीत. आरती चालू असताना पाय काढणं तर सोडाच. मत मागायला निघालेला माणूस तर मुळीच काढणार नाही.

मेळ्यातल्या बायकांना मी एवढंच सांगितलं की यंदा आरती आपण म्हणायची, माईक आत्यापुढं राहील आणि मी सांगेपर्यंत थांबायचं नाही. मग संबळ वाजवणारी म्हणाली, “देवीचं नाव घ्यायला मॅडमची परवानगी कशाला पाहिजे?” आणि सगळ्या हसल्या.

ताट मी निवडलं. देवळातलं पितळेचं मोठं, जे आम्ही दोघी मिळून घासतो. त्यात पंचारती ठेवली, तीही पितळेची. नारळ ठेवला, आणि शोभेला म्हणून आणखी एक. तूप मी स्वतः घातलं, आणि घालताना हात आखडता घेतला नाही. बाजूला ऊद पेटवला तो असा की धूर व्यासपीठाकडं जावा. यातल्या कशाचाही मला पश्चात्ताप नाही.

पाहुणे दिवे लागल्यावरच आले. मी माईकवर म्हटलं, “आजच्या महाआरतीचा मान आपल्या सर्वांचे लाडके साहेब यांचा.” टाळ्या पडल्या. साहेबांनी पांढऱ्या कुर्त्याच्या बाह्या सावरल्या आणि ताट उचललं. उचलल्याबरोबर त्यांचे डोळे जरा मोठे झाले. फोटोग्राफर पुढं आला. मी माईक स्टँडसकट उचलून आत्यापुढं ठेवला.

गणपती झाला. साहेब हसत ताट ओवाळत होते. देवी झाली. त्यांनी माझ्याकडं बघितलं, मी डोळे मिटल्यासारखे करून टाळ्या वाजवत होते. शंकराची सुरू झाली तेव्हा ताटाची फेरी लहान व्हायला लागली. विठोबाच्या मध्यावर त्यांनी ताट वहिनींकडं सरकवलं. वहिनी शेजारीच उभ्या होत्या. त्यांनी जोडलेले हात सोडलेच नाहीत. नवऱ्याकडं न बघता देवीकडं बघत त्या आणखी मोठ्यानं म्हणायला लागल्या. इतक्या वर्षांत व्यासपीठावर त्यांचा आवाज मी पहिल्यांदा ऐकला. मग साहेबांनी ताट प्रमुख पाहुण्यांपुढं केलं. पाहुणे दोन पावलं मागं सरून म्हणाले, “छे छे, मान तुमचाच.” खाली अख्खं गाव उभं. बायका, म्हातारे, कडेवरची पोरं. कुणी हलत नव्हतं. तूप कलंडून कुर्त्यावर उतरलं. ऊद डोळ्यांत गेला आणि त्यांच्या गालावरून पाणी वाहायला लागलं, पुसायला हात मोकळा नव्हता. मी सगळं बघितलं. पोटभर बघितलं. मागच्या वर्षीचा मोकळा माईकचा दांडा मला एकसारखा आठवत होता.

दत्ताची आरती संपली तेव्हा मी आत्याला म्हटलं, “आता तुमचं.”

ती बावरली. “आरतीत कसं?”

“देवीचंच आहे ना? म्हणा.”

तिनं माझ्याकडं बघितलं, मग माईककडं. संबळ वाजवणारीनं चाल धरली. आत्यानं पहिली ओळ सोडली. आवाज गाठीमुळं जरा दबलेला होता, आणि तरी मांडवाच्या टोकापर्यंत गेला. मागच्या बायकांनी ओळ उचलली, तिची ओळ, पहिल्यांदाच दुसऱ्या कुणी उचलली. म्हातारा पुजारी टाळ वाजवायचा थांबून ऐकत राहिला. खालच्या बायकांत कुणीतरी डोळ्याला पदर लावला. गुडघ्याची ओळ आली तेव्हा हसूही आलं आणि उंबऱ्याची आली तेव्हा सगळं गप्प झालं. मग तिनं आणखी कडवी म्हटली, जी मला कधी ऐकवली नव्हती. मी त्या वेळी साहेबांकडं बघायचं विसरले. खरं सांगते, विसरले.

गाणं संपलं, मी जयघोष दिला, ताट खाली आलं. पाहुण्यांना पुढच्या मंडळात जायचं होतं, ते तसेच गेले. शाली घडीतच राहिल्या. भाषण झालंच नाही. साहेब दंड चोळत माझ्याजवळ आले.

“मॅडम, आरती लई लांबली.”

“आईची इच्छा, साहेब,” मी म्हटलं.

त्या रात्री मी शांत झोपले. सकाळी आत्याला म्हटलं, माकणीला फोन लावते, बहिणीला सांगा. ती नको म्हणाली. “मागल्या साली गायले म्हनून सांगितलंय तिला. आता परत कसं सांगू, की आत्ता गायले?” मी फोन ठेवला. म्हणजे माझ्या सुडातून एवढी एक गोष्ट सुटलीच होती.

दसऱ्यानंतर ऑपरेशन झालं. गाठ गेली आणि आवाजही गेला. उरली ती कुजबुज, तीही शब्द तोडून. आठ-दहा दिवसांनी आम्ही सोलापूरहून एसटीनं परत आलो. गावच्या स्टँडवर उतरलो आणि मी जागच्या जागी थिजले.

स्टँडच्या तोंडाला निवडणुकीचा फ्लेक्स लागला होता, घराएवढा. त्यावर साहेब. हातात पंचारतीचं ताट, कुर्त्यावर तुपाचे डाग, गालांवर अश्रूंच्या धारा. खाली लिहिलं होतं, ‘आईच्या चरणी लीन झालेला तुमचा सेवक’. रिक्षावाले सांगत होते, आरतीत साहेबांना रडू आवरलं नाही म्हणे. पुढं ते निवडूनही आले, आणि बऱ्याच मतांनी. माझं तूप, माझा ऊद, माझं ताट, सगळं त्यांच्या प्रचाराला लागलं. मी भर स्टँडवर म्हटलं, “आत्या, मी आज हा फाडते. कुणी काय करायचं ते करू दे.”

आत्यानं माझा दंड धरला. गळ्याला पट्टी, म्हणून मान वळवता येत नव्हती, ती अख्खी वळून फ्लेक्सच्या कोपऱ्याकडं बघत होती. तिथं, साहेबांच्या कोपराखाली, माईक होता आणि माईकपुढं ती होती. तोंड उघडं. मला दोन्ही फोटो सारखेच वाटले आणि त्याचाच जास्त संताप आला. बघणाऱ्याला काय कळणार, कुठल्या फोटोत ही बाई गात होती?

तिनं माझ्या कानाशी तोंड आणलं. “डोळं बघ.”

मी बघितलं. मिटलेले होते.

“मागल्या फोटूत उघडं हायत,” ती कुजबुजली. “गाताना माझं डोळं कवाच उघडं ऱ्हात न्हायत.” मग पिशवीतून फोन काढून माझ्या हातात दिला. “माकणीला लाव. मागल्या सालचं खोटं व्हतं, ते सांग. अन् औंदा काय गायले ते म्हनून दाखीव. मला न्हाय येत आता.”

फोन लागला. पलीकडून बहीण “अक्का, अक्का” करत होती. मी आधी पहिलं सांगितलं, मग दुसरं. मला गाता येत नाही, वर्गात कवितासुद्धा मी वाचून दाखवते. पण त्या फ्लेक्सखाली उभी राहून मी पहिली ओळ म्हटली. प्रवासी वळून बघायला लागले. वर साहेब रडत होते. मी मुद्दाम आवाज चढवला.

शेजारी आत्यानं डोळे मिटले होते. तोंड उघडून ती माझ्या ओळीमागं झील ओढत होती, आणि आवाज येत नव्हता.